तांबूस आणि काळा: भाजण्याचे रसायन

हिवाळ्यात नागपूरच्या आसपासच्या शेतांमध्ये रोडग्यांचा बेत ठरतो. गोवऱ्यांचा जगरा पेटवला जातो, निखारे पडले की त्यांत कणकेचे रोडगे भाजायला ठेवतात, आणि शेजारी पऱ्हाट्यांच्या आगीवर भरताची वांगी भाजली जातात. रोडग्याचे कवच तांबूस होते आणि कुठे कुठे काळे पडते.

तांबूस रंग आणि खमंग वास कणकेतील अमिनो आम्ले व शर्करा यांच्या अभिक्रियेतून येतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. परंतु सुमारे १२० अंश सेल्सियसच्या पुढे, कवचातील पाणी उडून गेल्यावर, ॲस्परजिन हे अमिनो आम्ल शर्करेशी संयोग पावते आणि त्यातून ॲक्रिलामाइड तयार होते. तळलेल्या व भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ते आढळते, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये जाहीर केले. शरीरात त्याचे ग्लायसिडामाइड होते, आणि ते थेट डीएनएला चिकटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच ॲक्रिलामाइडला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले होते. मात्र हा निष्कर्ष मुख्यतः प्राण्यांना मोठ्या मात्रा देऊन केलेल्या प्रयोगांवर आधारलेला आहे. माणसांच्या आहाराबाबतचे पुरावे अद्याप एकमुखी नाहीत, आणि एवढे सांगितल्याशिवाय कोणालाही घाबरवणे योग्य नाही. रोडग्याचा काळा पापुद्रा तेवढा खरवडून टाकावा. वांग्याचे जळके साल आपण काढतोच, आणि त्याबरोबर धुराची काजळीही जाते.

मांसाचे रसायन निराळे आहे. थेट आचेवर स्नायूंतील क्रिएटिन आणि अमिनो आम्ले यांपासून हेटरोसायक्लिक अमाइन ही कर्करोगाचा संशय असलेली संयुगे बनतात. चरबी निखाऱ्यावर ठिबकली, की उठणाऱ्या धुरात बेंझोपायरीन असते, आणि ते माणसांत कर्करोगकारक असल्याचे निश्चित झाले आहे. म्हणून शीगेवर भाजलेल्या मांसाचे करपलेले तुकडे बाजूला काढणे आवश्यक आहे.

सावजी मटणाचा गडद रंग पाहून काहींना तीच शंका येते, पण ती रास्त नाही. उघड्या पातेल्यातल्या रश्श्यात पाणी असेपर्यंत मटणाचे तापमान १०० अंशांच्या फारसे पुढे जात नाही, त्यामुळे अमाइन तिथे अत्यल्प बनतात. रंग भाजलेल्या मसाल्याचा असतो. तो भाजताना मंद आच ठेवून सतत हलवत राहावे, आणि धूर निघण्यापूर्वीच कढई उतरवावी.