धक्क्यावर धक्का द्यायचा नसतो

माईक जरा खाली करता का... हां. मागे येतंय ना ऐकू? खुर्च्या कमी पडल्यात, पुढे सतरंजीवर बसलात तरी चालेल, इथे आलेल्या कोणाला सतरंजीवरच्या केसांचं काही वाटेल असं मला वाटत नाही.

तर विषय आहे डॉक जंपिंग. नोटीस बोर्डावर वाचून आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, काय गं, हे भाऊच्या धक्क्यावर आहे का? म्हटलं नाही हो काका, पण कल्पना तीच आहे. धक्का असतो, पाणी असतं, आणि बोटीच्या जागी कुत्रा सुटतो. लाकडी प्लॅटफॉर्म, 40 फूट लांब, 8 फूट रुंद, पाण्यापासून 2 फूट उंच, खाली किमान 4 फूट खोल पाणी. कुत्रा मागून पळत येतो, आपण टॉय फेकतो, तो हवेत झेप घेतो आणि किती लांब पडला ते मोजतात. तेसुद्धा नाकापर्यंत नाही, बरं का, शेपटीचं मूळ पाण्याला जिथे लागतं तिथपर्यंत. अमेरिकेत हे 1997 मध्ये एका पेट फूड कंपनीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा झालं, मग 2000 साली टीव्हीवरच्या आउटडोअर गेम्समध्ये आलं आणि तिथून डॉकडॉग्ज नावाची संस्थाच उभी राहिली. आता उंच उडीचा वेगळा प्रकार आहे, पोहत जाऊन वस्तू पटकन आणण्याचा वेगळा.

आणि एक नियम आहे जो मला सगळ्यात आवडतो. कुत्र्याला ढकलायचं नाही. तो कडेला थांबला तर थांबला, तुम्ही गोड बोला, नाचा, टाळ्या वाजवा, पण हात लावून पाण्यात लोटायचं नाही. म्हणजे धक्क्यावर धक्का द्यायचा नाही. हे मराठीतच नीट सांगता येतं.

आता चिक्कीबद्दल. चिक्की माझी जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, म्हणजे खरी भावाची, तो दुबईला गेला आणि ती माझ्याकडे राहिली. अंगावर तपकिरी ठिपके असे की लोणावळ्याच्या दुकानातल्या शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा चालतोय असं वाटतं, म्हणून चिक्की. पार्ल्यात टू बीएचके, सकाळी दीड तास फिरवणं, संध्याकाळी दीड तास, तरी रात्री अकराला ती माझ्याकडे बघणार की आता पुढे काय. ज्यांच्याकडे ही जात आहे त्यांनी हात वर करू नका, तुमचे दमलेले चेहरे इथून दिसतायत.

या जातीचं काम काय ते माहीत नसेल तर पुढचं सगळं कळणार नाही म्हणून थोडं थांबते. पॉइंटर, सेटर, विझ्स्ला, वायमरानर, ब्रिटनी, ही सगळी शिकारीतली पण पकडणारी नव्हे, दाखवणारी कुत्री. गवतात पक्षी लपलाय, वास आला, की जागच्या जागी पुतळा. मान पुढे, शेपूट ताठ, एक पाय वर. याला पॉइंट धरणं म्हणतात. शिकारी येईपर्यंत हलायचं नाही, पक्षी उडाला तरी मागे धावायचं नाही, चांगल्या शिकवलेल्या कुत्र्याने तर बंदुकीचा आवाज झाल्यावरही सांगेपर्यंत थांबायचं. आता आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, आणि ते चांगलंच आहे, पण शेकडो वर्षं निवडून निवडून रक्तात घातलेलं थांबणं त्या कायद्याला विचारून जात नाही. चिक्की कबुतरखान्यासमोर पॉइंट धरते. पाठीमागून रिक्षा हॉर्न मारतेय, बाई ओरडतेय, ही पुतळा.

म्हणजे बघा, ज्या कुत्रीची अख्खी अक्कल थांबण्यात आहे तिला मी अशा खेळात घालायला निघाले ज्यात थांबलं की संपलं. मला कोणी सांगितलं नाही असं नाही, आई म्हणाली होती.

पण एक आशा होती. पॉइंटर सगळे सारखे नसतात. इंग्लिश पॉइंटर जुन्या पद्धतीत नुसता दाखवायचा, पडलेला पक्षी आणायला रिट्रिव्हर वेगळा. जर्मन लोकांनी 19 व्या शतकात म्हटलं आम्हाला एकच कुत्रा पाहिजे, शोधेल पण, दाखवेल पण, माग काढेल पण, आणि तळ्यातनं बदक पण आणेल. तिकडे या जातींच्या परीक्षांमध्ये पाण्यातलं काम आजही असतं. बोटांमध्ये पडदे असतात, चिक्कीचे पंजे फाकवून बघितलेत मी. म्हणजे पोहण्याचं सामान जन्मतःच मिळालेलं, फक्त वापरायचं होतं.

तर पोहायला शिकवायला मी तिला एका ठिकाणी घेऊन गेले, कुत्र्यांसाठीचा पूल, नाव घेत नाही. तिथला माणूस म्हणाला मॅडम पाच मिनिटांत शिकेल, तुम्ही बाहेर चहा घ्या. मी मूर्खासारखी चहा प्यायला गेले. काचेतून बघते तर ही कडेला उभी, आणि त्याने मागून ढकललं. ती पोहली, हो, पोहली, बाहेर आली, अंग झटकलं, आणि त्यानंतर तीन आठवडे पाण्याच्या बादलीजवळसुद्धा येईना. बाथरूमचा नळ सुरू केला की सोफ्याखाली. नियमाबद्दल मी इतकं का बोलते ते कळलं ना. तो नियम कोणीतरी उगाच सभ्यपणा म्हणून घातलेला नाहीये.

पुन्हा शून्यापासून. मुलांच्या हवा भरायच्या टबात चार इंच पाणी, त्यात तिची चपाती. मग आठ इंच. मग वर्सोव्याला ओहोटीला पोटापर्यंत. ही दोन महिन्यांची गोष्ट मी दोन वाक्यांत सांगतेय कारण यात सांगण्यासारखं काही नाही, नुसतं कंटाळा न करता रोज जाणं आहे.

मग मैत्रिणीच्या मामांचं नेरळला घर, तिथे पूल. धक्का कुठून आणायचा? मांडववाल्याकडून! लग्नाच्या स्टेजचे लाकडी चौकोन असतात ना, ते आणले, 20 फूट लांब झालं, म्हणजे खऱ्याच्या निम्मं, आणि वर ते मांडवातलं हिरवं कार्पेट घट्ट ठोकून. पाय घसरला की कुत्र्याचा गुडघा जातो, त्यामुळे कार्पेटवर काटकसर करायची नाही. मांडववाला म्हणाला, ताई लग्न कोणाचं? म्हटलं लग्न नाही, कुत्री उडी मारणार आहे. त्याने अॅडव्हान्स पूर्ण घेतला.

पहिला दिवस. चिक्की पळत आली, सुसाट, कडेला आली आणि ब्रेक. पुतळा. एक पाय वर. मला वाटलं घाबरली, पुन्हा तोच पूलवाला आठवला असेल. मग मामा म्हणाले अगं ती घाबरली नाहीये, समोर बघ. पलीकडच्या कठड्यावर वंचक बसला होता, भुरा बगळा, तोही पुतळा. दोघं एकमेकांकडे बघत सात-आठ मिनिटं. आम्ही चहा घेतला. यावेळी मी चहा घेताना नजर हलवली नाही.

बगळा गेल्यावर दुसरी अडचण. फेकलेल्या रबरी टॉयमध्ये तिला काही राम दिसेना. लॅब्राडॉरला काहीही फेका, तो जीव टाकेल. ही नाकाने जगणारी, प्लास्टिकच्या पिवळ्या दांड्याला वास कुठला? मग मामींनी स्वयंपाकघरातून नारळाचं सोडण आणलं. तरंगतं, ओबडधोबड, तोंडात छान बसतं. चिक्की वेडी झाली. पण दोन दिवसांनी व्हेटने मला झापलं, काथ्या गिळला तर आतड्यात अडकतो, ऑपरेशन कोण करणार. मग शेवटी रबरी टॉयच, पण रात्रभर सुक्या बोंबलांच्या डब्यात ठेवलेलं. गाडीला तो वास अजून आहे, माझा नवरा शाकाहारी आहे, पुढचं विचारू नका.

आता खरी गोष्ट. उडी घ्यायला लावायच्या दोन पद्धती आहेत. एक चेस, कुत्रा मागे बसवायचा, आपण टोकाला जायचं, हाक मारायची आणि टॉय बरोबर त्याच्या नाकापुढे राहील असं फेकायचं, तो त्यामागे हवेत चढतो. दुसरी, टॉय आधी पाण्यात टाकायचं, कुत्र्याला ते बघू द्यायचं, मग मागे नेऊन सोडायचं. सगळे व्हिडिओ पहिल्या पद्धतीचे, कारण लांब उड्या तिनेच जातात, म्हणून मी महिनाभर तीच करत बसले आणि प्रत्येक वेळी कडेला ब्रेक. मग एकदा वैतागून मी टॉय पाण्यात टाकलं आणि बसले. चिक्की कडेला आली, टॉयवर पॉइंट धरला, अगदी तित्तिरावर धरावा तसा, थरथरतेय पण हलत नाही. आणि मला एकदम आठवलं की भावाने तिला एक शब्द शिकवला होता, जेवणाच्या ताटलीपुढे थांबवायचा आणि मग म्हणायचा “घे”. मी म्हटलं, घे!

गेली.

म्हणजे ती कधी अडली नव्हतीच, ती सुट्टी मिळायची वाट बघत होती आणि मी महिनाभर तिला ओरडत होते, चल चल चल. मी जे मोडायला बघत होते तिथूनच सुरुवात करायची होती.

अर्थात उभ्या जागेवरून उडी म्हणजे पाच फूट, फार तर. मग दोन पावलं मागे नेऊन पॉइंट, घे. मग चार पावलं. मग निम्मा मांडव. इथे थोडं गणित सांगते, घाबरू नका. कुत्रा ताशी 29 किलोमीटरने आला आणि वर न उचलता सरळ कडेवरून निघून गेला, तर 2 फूट खाली पडायला त्याला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो, तेवढ्यात तो जेमतेम 9 फूट जातो. तोच कुत्रा, तोच वेग, पण 25 अंशात वर उचलला गेला तर 20 फूट! वेग तोच बरं का, फक्त डोकं वर. म्हणून फेकणाऱ्याचा हात इतका महत्त्वाचा, टॉय उंचावर राहिलं की कुत्रा वर बघतो, आणि डोकं जिकडे जातं तिकडे अंग जातं. पाण्यात पडलेल्या टॉयकडे बघणारा कुत्रा खालीच बघणार, चिक्कीचं दुखणं ते आहे, त्यावर आमचं काम चालू आहे.

तुलना म्हणून सांगते, 2019 मध्ये अमेरिकेत साउंडर्स नावाच्या व्हिपेट जातीच्या कुत्र्याने 36 फूट 2 इंच उडी मारली. मुंबई लोकलचा डबा 12 फूट रुंद असतो, असे तीन डबे शेजारी लावा, त्यावरून. व्हिपेट वजनाला हलका, पळायलाच जन्मलेला. हो हो, मला माहितीये तुम्ही काय विचारणार, आपल्या मराठवाड्याचा कारवान पण त्याच बांध्याचा आहे ना? आहे, पातळ, लांब पायांचा, नजरेवर पळणारा. कोणाकडे पाण्याला न बिचकणारा कारवान असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटा, मी सीरियसली बोलतेय.

आता थोडं रागावून बोलायचंय. उत्साहात येऊन कोणी शेततळ्यात कुत्रा उतरवू नका. त्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, उतार गुळगुळीत, कुत्रा सोडा, चांगली पोहणारी माणसं त्यातून वर येऊ शकत नाहीत. बाहेर यायला रॅम्प नाही तिथे आत उडी नाही, विषय संपला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात तर नाहीच, लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या त्या तापाची, लस दिलेली असली तरी. आणि पिल्लाला घाई नको, स्पर्धांमध्ये सहा महिन्यांपासून घेतात म्हणे, पण हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर नुसतं पोहू दे.

पॉइंटरवाल्यांना दोन गोष्टी वेगळ्या. एक, छाती खोल, म्हणून जेवण आणि उडी यात तास-दोन तास अंतर, पोट पिळवटलं तर कुत्रा काही तासांत जातो. दुसरी मला स्वतःला कळली. एका रविवारी आम्ही जरा जास्तच केलं, सोमवारी सकाळी चिक्कीची शेपूट लोंबत होती. मेल्यासारखी. मुळापाशी दोन इंच आडवी आणि मग सरळ खाली, हात लावू देईना. मी रडत व्हेटकडे, मला वाटलं मोडली. तो म्हणाला, याला लिंबर टेल म्हणतात, पोहून पोहून शेपटीचे स्नायू आखडतात, पॉइंटरमध्ये आणि लॅब्राडॉरमध्ये नेहमी बघतो. चार दिवस आराम, पाचव्या दिवशी शेपूट कबुतरांकडे ताठ. आणि हो, तोंड उघडं ठेवून पुन्हा पुन्हा उड्या मारणारा कुत्रा पाणी फार गिळतो, त्याने रक्तातलं मीठ घसरून तो झिंगल्यासारखा चालायला लागतो, उलट्या काढतो, ते थकवा समजून घरी नेऊ नका, तडक डॉक्टर. आम्ही आता सहा उड्यांवर थांबतो, तिला कितीही वाटलं तरी.

आकडा? मला माहीत होतं कोणीतरी विचारणार. मागच्या डिसेंबरमध्ये, निम्म्या धक्क्यावरून, मांडववाल्याच्याच टेपने, 9 फूट 2 इंच. म्हणजे स्पर्धेत 10 च्या खालचे नवखे असतात, त्यातली. मामी म्हणाल्या नाकापर्यंत मोजा ना, साडेबारा होतील. नाही मोजलं.

तुमचा प्रश्न? ... हो, अजून धरते पॉइंट. आज सकाळीच खिडकीच्या ग्रिलवर कबुतर बसलं होतं, वीस मिनिटं दोघं तशीच, माझी आठ सत्तावीसची लोकल गेली.