सातशे खुर्च्यांची अट

सप्टेंबर १८९२. अमेरिकेच्या दक्षिणेतलं न्यू ऑर्लिन्स शहर. इथल्या ऑलिंपिक क्लबने लागोपाठ तीन रात्री तीन मोठे बॉक्सिंग सामने ठेवले आहेत. दुसऱ्या रात्री रिंगमध्ये उतरणार आहे जॉर्ज डिक्सन. वय बावीस, उंची जेमतेम सव्वापाच फूट, फेदरवेट या हलक्या वजनगटाचा विजेता आणि कृष्णवर्णीय. समोर ब्रुकलिनचा गोरा जॅक स्केली.

सामन्याला होकार देताना डिक्सनच्या बाजूने एक अट घातली गेली होती. काळ्या प्रेक्षकांना आत घ्यायचं, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवायची. या क्लबात तोवर असं कधी घडलं नव्हतं. सातशे जागा मिळाल्या.

ही अट साधी नव्हती. तीनच महिन्यांपूर्वी याच शहरात होमर प्लेसी नावाचा माणूस गोऱ्यांसाठीच्या रेल्वेडब्यात बसला, म्हणून त्याला अटक झाली होती. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८९६ मध्ये न्यायालयाने वेगवेगळे डबे कायदेशीर ठरवले. अशा शहरात डिक्सन आपल्या माणसांसाठी खुर्च्या मागत होता.

६ सप्टेंबरची रात्र. पहिल्या फेरीपासून डिक्सनचा वरचष्मा. स्केली चिवट होता, पण अनुभवाने फार कमी. आठव्या फेरीत तो खाली पडला आणि उठला नाही. सातशे लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. स्थानिक वर्तमानपत्राने मात्र लिहिलं, की काळ्या आणि गोऱ्या माणसाला एका रिंगमध्ये उतरवणं हीच चूक होती. क्लबनेही पुढे असे सामने बंद केले. डिक्सन हरला असता तर कदाचित कोणाची काही तक्रार नसती.

दुसऱ्या दिवशी हेविवेट या सर्वांत जड वजनगटात जॉन एल. सलिव्हन जिम कॉर्बेटकडून हरला आणि इतिहासाने तीच लढत लक्षात ठेवली. सलिव्हन मोठा बॉक्सर होता, यात शंका नाही. पण काळ्या आव्हानवीरांशी तो लढायलाच तयार नसे. त्या तीन रात्रींत मला मोठा वाटतो तो डिक्सन.

तो मूळचा कॅनडाचा. २९ जुलै १८७० रोजी नोव्हा स्कोशियातल्या आफ्रिकव्हिल इथे जन्मला. हॅलिफॅक्स शहराच्या उत्तर टोकाला, बेडफोर्ड बेसिन या खाडीच्या काठावरची ही काळ्या लोकांची वस्ती. आपल्याकडच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीसारखीच. शहर इथून कर घ्यायचं, पण नळाचं पाणी नाही, गटारं नाहीत. उलट शहराला नको असलेलं सगळं, तुरुंग, साथीच्या रोगांचं रुग्णालय, मैल्याचे खड्डे, या वस्तीच्या आसपास आणून ठेवलेलं.

जॉर्ज लहानपणीच बॉस्टनला आला. एका छायाचित्रकाराकडे उमेदवारी करू लागला. तिथे फोटो काढून घ्यायला बॉक्सर येत आणि त्यांना पाहून पोराला बॉक्सिंगचा नाद लागला. फेब्रुवारी १८९० मध्ये कॅल मॅकार्थीशी त्याची लढत सत्तर फेऱ्या चालली! चार तासांहून जास्त वेळ, आणि शेवटी बरोबरी. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनला जाऊन त्याने बँटमवेट या फेदरवेटच्याही खालच्या वजनगटात नंक वॉलेसला अठराव्या फेरीत नमवलं. बॉक्सिंगचा पहिला कृष्णवर्णीय विश्वविजेता म्हणून आज त्याचंच नाव घेतलं जातं. हेविवेटचा किताब जिंकणाऱ्या कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनच्या अठरा वर्षं आधी.

कोणत्याही तालमीत आजही जा, मुलं समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारताना दिसतील. शॅडो बॉक्सिंग. या सरावाचं श्रेयही डिक्सनला दिलं जातं. पायांची चपळाई, डाव्या हाताचा नेमका ठोसा आणि आधी विचार, मग वार, ही त्याची शैली.

उतार मात्र वाईट होता. जानेवारी १९०० मध्ये टेरी मॅकगव्हर्नने त्याला इतकं झोडपलं, की आठव्या फेरीत डिक्सनच्या कोपऱ्यातूनच हार मानण्यात आली. पैसा राहिला नाही, दारू वाढली. तरी तो लढतच राहिला, कारण पोट त्यावरच होतं. ६ जानेवारी १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात तो गेला. वय ३७.

१९९० मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेमची पहिली यादी निघाली, तीत तो आहे. हॅलिफॅक्समध्ये त्याच्या नावाचं क्रीडाकेंद्रही आहे.

पण त्याचं जन्मगाव त्याच शहराने पुसून टाकलं. १९६०च्या दशकात, विकासाच्या नावाखाली, आफ्रिकव्हिलची घरं पाडली. काही कुटुंबांचं सामान कचऱ्याच्या गाड्यांतून हलवलं. चर्च तर रात्रीच्या अंधारात पाडलं. २०१० मध्ये महापौरांनी जाहीर माफी मागितली, चर्चची प्रतिकृती उभारायला निधी दिला. घर गमावलेल्या कुटुंबांना स्वतंत्र भरपाई मात्र त्या तडजोडीत नव्हती. ती मागायला त्यांची पुढची पिढी पुढे न्यायालयात गेली.