काठ किती कोरडा आहे?

मंडळी, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर बामणोलीच्या किंवा तापोळ्याच्या धक्क्यावर गेलात की पहिली घासाघीस वासोटा किल्ल्याकडे नेणाऱ्या बोटीच्या भाड्याची होते. भाडे ठरले की सगळे भराभर बोटीत चढतात. त्याआधी दोन मिनिटे पाण्याकडे पाहा. माणसे बसल्यावर नावेचा काठ पाण्याच्या किती वर उरणार आहे, याचा अंदाज घ्या.

गणित शाळेतलेच आहे. पाण्याच्या रेषेत सहा चौरस मीटर जागा व्यापणारी लहान बोट धरा. त्यात ७५ किलोचा एक माणूस चढला की ती सव्वा सेंटीमीटर खाली बसते. चार जादा माणसे म्हणजे पाच सेंटीमीटर. किरकोळ वाटते ना? पण फोटोसाठी सगळे एकाच बाजूला सरकले की तो काठ सरळ पाण्याला टेकतो. लाट आत येते. सहा चौरस मीटरच्या तळावर पाच सेंटीमीटर पाणी साचले की त्याचे वजन होते ३०० किलो, म्हणजे न बोलावता आलेले आणखी चार प्रवासी. हे प्रवासी जागेवर बसतही नाहीत. बोट जिकडे कलते तिकडेच ते धावतात आणि ती आणखी कलते. माणसाला 'खाली बस' म्हणता येते, पाण्याला नाही. म्हणून माझा साधा नियम आहे: सगळे बसल्यावर वीतभर कोरडा काठ दिसत नसेल तर उतरायचे, भाडे गेले तरी चालेल. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्राह्मनाळला महापुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. तिच्यातही क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती.

वाऱ्याचेही तसेच. २१ मे २०२४ ला उजनी धरणाच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण गेले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग भरून आले की शिवसागर ओलांडायला निघू नये. उन्हाळ्यात पाणी उतरते, तेव्हा बुडालेल्या खडकांवर आणि जुन्या भिंतींवर इंजिनाचा पंखा आपटण्याची भीती असतेच.

आता कायदा. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला तपासणीचा दाखला, नोंदणी, विमा आणि प्रमाणपत्र असलेला चालक लागतो. वल्ह्याच्या नावेची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे होते. भाडे घेऊन धोकादायक किंवा जादा भरलेल्या नावेतून माणसे नेली तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८४ लागते: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बोट घरची असली म्हणून सुटका नाही. इतरांच्या जिवाला धोका होईल अशी बेदरकारपणे हाकली तर कलम २८२ आहे. दाखला मागायला लाजू नका. रिक्षाच्या मीटरसाठी आपण भांडतोच की.

लाइफ जॅकेटकडे या. मोठ्या माणसाला तोंड पाण्याबाहेर ठेवायला साधारण १०० न्यूटनचे, म्हणजे जवळपास दहा किलो उचल देणारे जॅकेट हवे. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असते. पट्टे आवळून खांद्यापाशी धरून वर ओढा; ते हनुवटीच्या वर सरकले तर सैल आहे. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल खालून निसटते. सीटखाली रचून ठेवलेले जॅकेट बोट उलटल्यावर घालता येत नाही.

स्वतः मोटरबोट चालवत असाल तर इंजिनाची लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा. तुम्ही पडलात की दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. समोरून बोट आली तर दोघांनीही उजवीकडे वळायचे. आडवी येणारी बोट तुमच्या उजव्या हाताला असेल तर वाट तुम्ही द्यायची. पेट्रोलची सुटी टाकी किनाऱ्यावर उतरवूनच भरा, बोटीत माणसे बसलेली असताना नाही.

कोणी पाण्यात पडले तर एकाने त्याच्याकडे हात दाखवत राहायचे, नजर हलवायची नाही. चालकाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हळू जवळ जायचे आणि शेवटच्या काही मीटरांत इंजिन बंद करायचे. बोटच उलटली तर किनारा जवळ दिसला तरी पोहत निघू नका. उलटी बोटही बहुधा तरंगते, तिला धरून राहा, आणि मुलांना मधोमध घ्या.