तीन गोळ्या आणि एक बोगदा

(दृश्य: टेबलावर अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी. एक गोळी काढलेली, दोन शिल्लक.)

घशाला जिवाणूंचा संसर्ग झाला, की डॉक्टर कधीकधी ही पट्टी लिहून देतात. रोज एक, तीन दिवस. पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली, की आपण कामाला लागतो. तिचं काम मात्र आत सुरू होतं. ते ज्या जागी चालतं, ती जागा मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. रायबोसोम.

(दृश्य: रायबोसोमचं अ‍ॅनिमेशन.)

जिवाणू असो की माणूस, पेशीतली प्रथिनं इथंच घडतात. डीएनएवरून उतरवून घेतलेली एम-आरएनएची फीत रायबोसोमच्या दोन भागांमधून सरकते. अक्षरं वाचली जातात ती तीन-तीन करून. प्रत्येक तिकडीसाठी एक टी-आरएनए आपलं अमिनो आम्ल घेऊन येतो. जुळला तरच टिकतो, आणि प्रथिनाच्या साखळीत अमिनो आम्लाचा एक मणी वाढतो. जिवाणूत हे सेकंदाला पंधरा-वीस वेळा होतं! मणी जोडण्याचं काम प्रथिनं करत असतील, असं बराच काळ वाटत होतं; ते करतं रायबोसोममधलं आरएनए.

तयार होणारी साखळी एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडते. आपली गोळी नेमकी त्या बोगद्यात जाऊन बसते. वाट अडते, जिवाणूची वाढ खुंटते.

मग आपल्या पेशी कशा वाचतात? बोगद्याच्या भिंतीतल्या आरएनएत 2058 क्रमांकाच्या जागी जिवाणूंमध्ये ‘ए’ हे अक्षर असतं, आपल्याकडे ‘जी’; त्यामुळे आपल्याकडे गोळी तिथं नीट बसत नाही. हजारो अक्षरांतलं हे एक. मला इथं दरवेळी थबकायला होतं.

(दृश्य: स्फटिक, क्ष-किरणांचे ठिपके.)

हे दिसलं, त्यामागे वीस वर्षांची चिकाटी आहे. 1980 च्या सुमारास इस्राएलच्या अदा योनाथ यांनी क्ष-किरणांनी रचना पाहता यावी म्हणून रायबोसोमचे स्फटिक करायला घेतले, तेव्हा ते जमेल असं फार थोड्यांना वाटत होतं. क्ष-किरणांत स्फटिक खराब व्हायचे, म्हणून ते अतिथंड करून पाहिले. मृत समुद्रातले सूक्ष्मजीवही कामी आले. 2000 साली चित्र स्पष्ट झालं. 2009 चं रसायनशास्त्राचं नोबेल योनाथ, थॉमस स्टाइट्झ आणि बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले वेंकी रामकृष्णन यांना मिळालं.

(दृश्य: पुन्हा बोगदा, अगदी जवळून.)

काही जिवाणूंनी आता याच ‘ए’वर मिथाइलचे (कार्बन-हायड्रोजनचे छोटे) एक-दोन गट चिकटवायला सुरुवात केली आहे. गोळी बोगद्यापर्यंत पोचते. बसायला जागा उरलेली नसते. साखळी बाहेर पडतच राहते.