टँकरयुद्ध: खार्गपासून होर्मुझपर्यंत

पडद्यावर दिसणारे, पर्शियन आखातातले हे छोटेसे बेट म्हणजे इराणचे खार्ग. इराणचा किनारा बहुतेक ठिकाणी उथळ असल्याने महाकाय टँकर तिथे लागू शकत नाहीत. खार्गभोवती मात्र पाणी खोल आहे, आणि त्यामुळे देशाच्या तेलनिर्यातीचा बहुतांश भार या एकाच ठिकाणावर येऊन पडला आहे.

१९८० मध्ये इराण-इराक युद्ध पेटले आणि पहिल्या काही महिन्यांतच इराकची आखातातील तेलबंदरे निकामी झाली. १९८२ मध्ये सीरियाने आपल्या भूमीवरून जाणारी इराकची तेलवाहिनीही बंद केली. समुद्रात गमावण्यासारखे काहीच उरले नसल्यामुळे इराकला समुद्रावरची लढाई परवडणारी होती. १९८४ पासून खार्गला ये-जा करणाऱ्या टँकरवर इराकी विमाने फ्रेंच बनावटीची एक्झोसेट क्षेपणास्त्रे सर्रास डागू लागली. उलट मारा करायला इराणसमोर इराकची जहाजेच नव्हती, तेव्हा त्याने इराकच्या पाठीराख्यांना, विशेषतः कुवेतला, लक्ष्य केले.

कुवेतने दोन्ही महासत्तांकडे मदत मागितली. सोव्हिएत संघाने आपले टँकर भाड्याने दिले. मग अमेरिकेनेही कुवेतच्या ११ टँकरवर स्वतःचा ध्वज चढवून त्यांना नौदलाचे संरक्षण दिले. २४ जुलै १९८७ रोजी, पहिल्याच ताफ्यातील ‘ब्रिजटन’ हा सुमारे चार लाख टनांचा टँकर फारसी बेटाजवळ पाणसुरुंगावर आदळला. साखळीने तळाशी जखडलेला हा सुरुंग विसाव्या शतकाच्या आरंभीच्या रशियन आराखड्याचा होता. भोक पडूनही टँकर चालत राहिला. पातळ पत्र्याच्या युद्धनौकांना मात्र असा एक स्फोटही महागात पडला असता, म्हणून त्या मुकाट्याने त्याच्या मागे रांगेने निघाल्या. रक्षण कोण कोणाचे करत होते, हा प्रश्न त्या दिवशी वॉशिंग्टनला नक्कीच झोंबला असेल.

पुढच्या वर्षी संघर्ष आणखी चिघळला. ३ जुलै १९८८ रोजी ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले आणि त्यातील सर्व २९० जण मृत्युमुखी पडले. ऑगस्टमध्ये युद्धबंदी झाली.

या काळात चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले, तरी आखातातून बाहेर पडण्याची एकमेव सागरी वाट असलेली होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडली नाही. इराणने धमक्या दिल्या, पण त्याचे स्वतःचे तेलही त्याच वाटेने बाहेर जात होते. विम्याचे हप्ते भडकले, तेव्हा ग्राहक टिकवण्यासाठी इराणने तेलाच्या दरात सवलत दिली, आणि धोका पत्करून खार्गला जाणारे जहाजमालक त्याला मिळत राहिले.