माग थांबला की कळतं, गवंडी थांबला की?

[दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांची खडखड.]

सोलापुरात माग बंद पडला की तो आवाजावरून कळतो, बघायला जावं लागत नाही. बांधकामावर तसं नसतं. निम्मी गँग सळईची वाट बघत बसलेली असते, पण मिक्सर फिरत असतो, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला सगळं जोरात चालू आहे असंच वाटतं.

हे थांबणं मोजायची रीत मात्र आली कापडधंद्यातूनच. 1930च्या दशकात एल. एच. सी. टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं ती तिथल्या गिरण्यांसाठी बसवली. घड्याळ घेऊन एकाच मागासमोर दिवस काढायचा नाही. वेळ न ठरवता फेरी मारायची, नजर पडेल त्या क्षणी माग चालू की बंद ते टिपायचं, बंद असेल तर कारण लिहायचं. अशा सुमारे 385 नोंदी झाल्या की थांबलेल्या वेळेचं प्रमाण, 95 टक्के खात्रीनं, पाच टक्क्यांच्या फरकानं सांगता येतं. एक वही, एक पेन आणि न कंटाळणारा माणूस, बस्स.

[दृश्य: स्लॅबची तयारी. सेंट्रिंगच्या फळ्या, सळईची जाळी.]

पुढं बांधकामाच्या अभ्यासकांनी हीच वही साइटवर नेली. ‘माणसं कामचोर आहेत’ ही ठेकेदाराची ठरलेली तक्रार. वहीतली कारणं वेगळंच सांगतात: माल आला नाही, आधीच्या गँगनं जागा मोकळी केली नाही, नकाशा बदलला. रोजंदारीवरच्या बिगाऱ्याला यातलं काहीच ठरवता येत नाही.

एका स्लॅबचंच बघा. सेंट्रिंगवाले, सळईवाले, वायरिंगचे पाइप टाकणारे, मग काँक्रीट. चौघांचा शब्द दहापैकी आठ वेळा खरा ठरतो असं धरू. आपल्याकडं याला भरवशाची माणसं म्हणतात! तरी चौघंही वेळेवर येण्याची शक्यता उरते फक्त 41 टक्के.

[दृश्य: सोलापूरजवळचं कुंभारी. रे नगरच्या इमारतींच्या रांगा.]

कुंभारीच्या रे नगरमध्ये विडी, यंत्रमाग आणि बांधकाम कामगारांसाठी 30,000 घरांची योजना आहे. त्यातल्या 15,000 घरांचं लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झालं. एकसारखी घरं हजारोंनी बांधायची म्हटल्यावर एका गँगचा वेग सगळ्यांना नडतो. गिलाव्याची गँग वीटकामापेक्षा झपाट्यानं पुढं सरकली, तर कुठल्या तरी घरापाशी तिला हात बांधून बसावंच लागतं.

आणि त्या बसण्याचे पैसे कुणाचे? पंतप्रधान आवास योजनेच्या अशा घराला केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. ही रक्कम ठरलेली. काम लांबलं, सिमेंट महागलं, तरी अनुदान त्याच्यामागं पळत नाही. बाकीचा भार घर घेणाऱ्याकडं किंवा ठेकेदाराकडं सरकतो.

[दृश्य: साइट ऑफिस. भिंतीवर आठवड्याचा तक्ता.]

अमेरिकेत बांधकामाचे अभ्यासक ग्लेन बॅलार्ड यांनी साइटच्या आठवड्याच्या आराखड्यांवर बरीच वर्षं काम केलं. सुरुवातीच्या पाहण्यांत ठरलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी त्या आठवड्यात पुरी होत होती. त्यांचा उपाय साधा: प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्यानंच, म्हणजे आपल्या मुकादमानं, तारीख द्यायची, आणि माल, जागा, माणसं हाताशी नसतील तर द्यायचीच नाही. चुकलेल्या कामापुढं कारण लिहायचं, नाव नाही.

आपल्या साइटवर अडतं ते इथंच. मुकादम म्हणतो, ‘सळई येऊ द्या ओ साहेब, मग तारीख सांगतो,’ आणि तक्त्यावर तारीख आधीच लिहिलेली असते.