घरी शिकणाऱ्या खेळाडूची फाईल नववीतच उघडा

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत टेनिसमध्ये, पोहण्यात, जिम्नॅस्टिक्समध्ये जीव ओतणारी मुलं आता बरीच दिसतात. सरावापुढे शाळेची हजेरी जमेनाशी होते आणि आईबाबा मुलाला घरीच शिकवायचं ठरवतात. आज मला त्या आईबाबांशी बोलायचं आहे, त्यातही ज्यांचं मूल यंदा आठवीत आहे त्यांच्याशी.

मुलाला पुढे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे वरच्या दोन गटांत, खेळायचं असेल, तर कोचला खेळ आवडून भागत नाही. एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर, म्हणजे पात्रता ठरवणारं केंद्र, मुलाचा नववी ते बारावीचा अभ्यास तपासतं. 16 कोअर कोर्स, म्हणजे मुख्य विषयांचे कोर्स लागतात; एका विषयाचं एक वर्ष म्हणजे एक कोर्स. पहिल्या डिव्हिजनसाठी त्यात इंग्रजीची चार वर्षं, गणिताची तीन, तीही अल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला कोर्स) किंवा त्यापुढची, आणि विज्ञान व सामाजिक शास्त्रं प्रत्येकी दोन. उरलेल्यांपैकी एक इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचं, बाकीची याच विषयांतून, परभाषेतून किंवा तत्त्वज्ञानासारख्या विषयातून भरायची. कोअर विषयांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, पहिल्या डिव्हिजनला किमान 2.3, दुसऱ्याला 2.2. रोज चार तास कोर्टवर घाम गाळला तरी त्याचा इथे एकही कोर्स होत नाही. शारीरिक शिक्षण कोअरमध्ये धरत नाहीत. एसएटी या प्रवेश-चाचणीची अट एनसीएएने 2023 मध्ये काढली. कॉलेजची स्वतःची अट मात्र असू शकते.

खरी अडचण होते ती पहिल्या डिव्हिजनच्या एका नियमाने. बारावी सुरू होण्याआधी 16 पैकी 10 कोर्स पूर्ण हवेत आणि त्यातले सात इंग्रजी, गणित, विज्ञानातले. त्या कोर्सांचे ग्रेड तिथेच पक्के होतात, नंतर पुन्हा कोर्स करून सुधारता येत नाहीत. ‘दहावी-अकरावीत स्पर्धा जोरात आहेत, अभ्यासाचं बारावीत बघू’ असं मी अनेक घरांत ऐकते, आणि ऐकताना काळजी वाटते.

आता कागदपत्रं. घरी शिकवलेल्या प्रत्येक कोअर कोर्सचं एक वर्कशीट भरून द्यावं लागतं. अल्जिब्रा वनचंच घ्या. पुस्तक कोणतं, कोणते घटक शिकवले, मूल्यमापन कसं केलं, हे सगळं त्यात लिहायचं. चार वर्षांनी हे आठवून लिहायला बसलात तर पुस्तक कुणाला तरी देऊन टाकलेलं असतं आणि चाचण्यांचे कागद रद्दीत गेलेले असतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, कोर्स संपला की त्याच आठवड्यात वर्कशीट भरा. विज्ञानाचे प्रयोग स्वयंपाकघराच्या ओट्यावर केले असतील तर त्यांचीही वही जपा, कारण एक वर्ष प्रयोगांसह विज्ञान लागतं.

यासोबत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या कोर्सांचं गुणपत्रक हवं. त्यावर नववी सुरू झाल्याची तारीख, प्रत्येक कोर्सचं नाव, ग्रेड, क्रेडिट, पदवीची तारीख आणि शिकवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची सही. बहुतेक घरांत ती आईची. ग्रेडही आपणच देतो, म्हणून तो प्रामाणिक असावा आणि त्यामागे तपासलेले पेपर असावेत.

शिवाय घरचं शिक्षण राज्याच्या कायद्याप्रमाणे झालं, असं लेखी द्यावं लागतं. इथे राज्याराज्यांत मोठा फरक आहे. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी कामाची फाईल तयार करून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. न्यू जर्सीत शाळेला कळवण्याचीही सक्ती नाही. न्यू जर्सीच्या आईबाबांना ही मोकळीक सुखाची वाटते, पण त्यांच्याकडे सरकारी कागद आपोआप जमत नाहीत. तिथे स्वतःची नोंदवही जास्त काटेकोर हवी.

फ्लोरिडात 1996 च्या कायद्यामुळे घरी शिकणाऱ्यांना सरकारी शाळेच्या संघात खेळता येऊ लागलं. अमेरिकन फुटबॉलपटू टिम टीबो तसाच खेळला आणि 2007 मध्ये त्याने कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकली. पण शाळेच्या संघात जागा मिळाली म्हणून घरच्या अभ्यासाची तपासणी टळत नाही.

तिसऱ्या डिव्हिजनचे नियम प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं आणि तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते. पहिल्या दोन डिव्हिजनमध्ये एखाद्या कॉलेजने मुलाचं नाव आपल्या मागणीच्या यादीत घातल्याशिवाय एलिजिबिलिटी सेंटर अंतिम निर्णय देत नाही. तेव्हा कोचशी बोलणं पुढे सरकलं की त्यांना स्पष्ट विचारा, यादीत नाव कधी घालणार?